शंभराव्या दिवसाचा शिधा

आमच्या समोरच्या घरातल्या बाईची आई तिकडे इंडोनेशियात, जावा बेटावर वारली, आणि त्या आईच्या नावानं रांधलेलं जेवण मी तीन वेळा बिनमध्ये टाकलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी साधीभोळी समजायला नको. त्यांच्यात माणूस गेलं की ठरावीक दिवशी शेजाऱ्यांना जेवू घालतात. लोक जेवले की गेलेल्याची वाट हलकी होते, म्हणे. आणि इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या बेसिंगस्टोक गावात तिला हक्कानं डबा न्यावा असं घर एकच दिसलं, ते माझं. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

लंडनच्या ट्यूबमध्ये, त्या भुयारी रेल्वेत, बाँबस्फोट झाले, ते वर्ष. माझा रंग बघून ट्रेनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. पिशवी मांडीवर घेतली की समोरचा माणूस पेपरच्या वरून बघायचा. मला संताप यायचा. ‘अरे बाबा, यात कोथिंबिरीची जुडी आहे,’ असं ओरडून सांगावंसं वाटायचं. आणि तीच मी, समोर डोक्याला स्कार्फ बांधलेली बाई राहायला आली तर बेडरूमच्या पडद्याआडून तिच्यावर पाळत ठेवायला लागले.

तिचा नवरा बिझनेस पार्कात कॉम्प्युटरवर काम करायचा. ही दिवसभर घरात. रस्त्यात भेटली की कमरेत वाकून, एक हात खाली सोडून माझ्यापुढून जायची. आता सांगा, सरळ माणूस असं वाकून कशाला जाईल? मला वाटायचं, काहीतरी लपवतेय; त्यांच्यात ती मान द्यायची रीत आहे, हे फार उशिरा कळलं.

एका सकाळी बेल वाजली. दारात ती, हातात डबा. हसत होती, पण डोळे लालबुंद.

“आमच्या घरचं आहे. प्लीज, खा,” ती इंग्लिशमध्ये म्हणाली.

“आज काय विशेष?”

“काही नाही,” म्हणाली, पुन्हा हसली आणि वाकून गेली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काही विशेष नाही, तर डबा कशाला? हसायचं, तर रडायचं कशाला? उघडून पाहिलं तर पांढरा भात, खोबऱ्याचा परतलेला कीस, उकडलेलं अंडं आणि तांदळाचं जाडसर घावन. वास चांगला होता, त्यामुळे मला जास्तच संशय आला.

संध्याकाळी आमचे डॉक्टर, म्हणजे माझे मिस्टर, हॉस्पिटलमधून आले. म्हणाले, “अगं, डबाच आहे तो, बाँब नाही.”

“तुम्हाला काय कळतंय! खायचं तर खा, मग तुमच्याच वॉर्डात तुम्हाला ॲडमिट करू.”

त्यांनीही खाल्लं नाही. मी सगळं बिनमध्ये लोटलं. डबा मात्र घासूनपुसून, त्यात चार बेसनाचे लाडू घालून परत दिला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईनं पाठच करून घेतलं होतं. माझी लाजही बघा कशी, नेमकी तेवढ्यापुरती.

चार दिवसांनी दुसरा डबा आला आणि तोही त्याच वाटेनं गेला. या खेपेला डबा परत द्यायला मी मुद्दाम तिच्या घरात शिरले. म्हटलं, बघूया तरी. घर चकाचक. किचनच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. तिचा भाऊ तिकडे जिल्ह्याच्या कचेरीत कारकून, त्यानं पाठवलेलं. पानापानावर जिल्ह्याचे फोटो होते: सागाचं जंगल, मोठमोठी पानं गळून उभी असलेली झाडं, रस्त्याकडेला चटयांवर वाळत घातलेले कसाव्याच्या कंदाचे पांढरे काप, बैल, मातकट नदी.

“तुमच्याकडे समुद्र नाही?” मी चौकशी सुरू केली.

“नाही. आमचा जिल्हा आतला.”

“मग बघायला काय आहे?”

“काही नाही. साग आहे. बाजार भरतो, दर पाचव्या दिवशी; तिथं तसेच दिवस मोजतात. खूप शांत आहे.”

पाचव्या दिवशी? माझ्या माहेरी जतला आठवड्याचा बाजार भरतो, साऱ्या जगात आठवडाच असतो. ही काहीतरी थापा मारतेय, असं वाटलं. आणि जिथं काहीच नाही, काहीच घडत नाही, असं गाव असतं का कुठं? तेवढ्यात मला कॅलेंडरवर पेन्सिलीची वर्तुळं दिसली. दोन जवळजवळ, ती दोन्ही डब्यांच्या दिवसांवर. पुढच्या पानावर एक, आणि बऱ्याच पुढे आणखी एक. माझ्या अंगावर काटाच आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, “ती दिवस मोजतेय.” ते म्हणाले, “दूधवाल्याचा हिशेब असेल.”

तिसऱ्या वर्तुळाच्या दिवशी तिसरा डबा आला. तो टाकताना बिनचं झाकण नीट लागलं नाही, आणि आमच्या गल्लीत कोल्हे फार. सकाळी पडदा सारला तर फुटपाथवर भात, अर्धं अंडं, घावनाचे तुकडे. आणि ती तिथं उकिडवी बसून एकेक शीत वेचत होती. तिनं वर पाहिलं नाही. सगळं कागदात गोळा केलं, कागद छातीशी धरला आणि घरात गेली. मी पडद्यामागे उभी होते.

तासाभरानं तिच्याकडे गेलेच. ही भांडणार असेल तर आपणच आधी तोंड उघडावं, हा माझा स्वभाव. दार उघडताच म्हटलं, “ती वर्तुळं कसली?”

ती हसली. “आई गेली. तिसरा दिवस, सातवा, चाळिसावा. मग शंभरावा.” आणि जेवणाचं काय असतं, ते तेव्हा तिनं सांगितलं. तिकीट परवडलं नाही, म्हणून इथंच रांधते, म्हणाली.

“अगं, मग हसतेस काय? सांगायचं नाही का?”

“माझं दुःख तुमच्या घरात कशाला?”

तिथं पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी काय बोलले? “आमच्यात ना, सुतकाच्या घरचं शिजवलेलं खात नाहीत.” खरं आहे ते. पण डबे टाकताना सुतक आहे हे मला कुठं ठाऊक होतं! चोर तो चोर, वर शिरजोर.

“ओह,” ती म्हणाली. “मग बरोबर.”

पुढचे दोन महिने मी तिचं तोंड चुकवलं. ते चौथं वर्तुळ मात्र डोक्यातून जाईना. वाटायचं, आता ती कशाला येतेय? आणि न आली, तर तिच्या आईचा शंभरावा दिवस माझ्यामुळे उपाशी जाणार.

शंभराव्या दिवशी बेल वाजली. ती दारात. हातात ताट होतं, त्यात तांदूळ, तांदळाचं पीठ, नारळ, गूळ, चार अंडी. सगळं कच्चं.

“इंडियन दुकानातल्या बाईंना विचारलं,” ती म्हणाली. “शिजवलेलं नसलं तर चालतं ना? तुम्ही तुमच्या हातानं शिजवा.”

शिधा! जावातल्या त्या शांत जिल्ह्यातली बाई माझ्या दारात शिधा घेऊन उभी होती.

मला राहवलं नाही. “मी तुझ्याशी खोटं बोलले,” म्हटलं. “सुतकाचं मला काही माहीत नव्हतं. मी तुझ्यावर संशय घेतला, म्हणून टाकलं.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. या वेळी हसली नाही. “पहिल्या दिवशीच तुमच्या बिनमध्ये घावन दिसलं होतं.”

“मग दर वेळी का आणलंस?”

“दुसरं कुणाचं दार मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “आज तरी जेवाल?”

मी तिला हाताला धरून आत घेतलं आणि तवा चढवला. पहिलं घावन मोडलं, तेच मी तिच्यासमोर ओट्याशी उभ्यानं खाल्लं.