तीन झाकणं पाणी

आमच्या लाँड्रीत तिला सगळे कडकमावशी म्हणतात. स्वभावावरून म्हणतात की तिच्या हातच्या कॉलरवरून, ते ज्याचं त्याने ठरवावं. तिने खळ दिलेली कॉलर टेबलावर उभी ठेवली तर उभीच राहते. बत्तीस वर्षं ती एकाच खिडकीजवळ, एकाच टेबलापाशी इस्त्री करते आहे. मी शेजारच्या टेबलावर घड्या घालते, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

आमच्याकडे कपडा आला की त्याला आधी खूण लागते. नाव लिहीत नाहीत. कॉलरच्या आत नाहीतर चादरीच्या कोपऱ्यात न निघणाऱ्या काळ्या शाईने खूण करायची. एका घराची दोन टिंबं, दुसऱ्या घराची फुली, तिसऱ्याची तीन रेघा. पन्नास घरांचे कपडे एका मशीनमध्ये गरगर फिरतात आणि संध्याकाळी ज्याचे त्याच्या घरी जातात, ते या खुणांच्या जोरावर. त्यामुळे इथल्या माणसांना सवयच लागते. आम्ही डब्यांवर, छत्र्यांवर, चपलांच्या आतसुद्धा खुणा करून ठेवतो. मावशीची खूण एक आडवी रेघ.

वसंतातली दोन आठवड्यांची सुट्टी लागली की कामगारांची मुलं लाँड्रीतच असतात. घरी बघायला कोणी नसतं. मावशीची मुलगी लहान होती तेव्हापासून या सुट्टीचा एक ठरलेला कार्यक्रम आहे आणि तो मावशीनेच सुरू केला. शर्टांच्या आत घालायच्या पुठ्ठ्यांचे पंख कापायचे आणि वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांना चिकटवायचे. मागून चिमटा दाबला की पक्षी चोच उघडतो. कपडे गुंडाळायच्या पातळ कागदाची फुलं करायची आणि ती निळीच्या पाण्यात बुडवून काढायची. पण सगळ्यात आवडीची टरफलं. समोरचा बेकरीवाला अंड्यांची अर्धी टरफलं जपून ठेवतो. ती धुवायची, आत ओला कापूस दाबायचा, वर चिमूटभर मोहरी पेरायची. पुढून खुणेच्या शाईने डोळे-नाक काढायचं. चार-पाच दिवसांत टकल्याला हिरवे केस येतात. घरातल्या प्रत्येक माणसाचं एक टरफल, आणि बुडाला ज्याची त्याची खूण.

मावशीची मुलगी या थंडीत गेली. तीन आठवड्यांचं आजारपण, आणि संपलं. तिची सहा वर्षांची मुलगी तेव्हापासून आजीकडे आहे. आम्ही तिला बटण म्हणतो. कपड्यांतून निघालेली बटणं ती गोळा करते आणि त्यांना चार भोकांची, दोन भोकांची अशी वेगवेगळी घरं देते.

मुलगी गेल्यावर मावशी पाचव्या दिवशी कामावर आली. रडली नाही. कोणी काही बोललं तर ऐकून घ्यायची आणि "हं" म्हणायची. सकाळी शटर वर गेलं की आम्ही सगळे देवाला हात जोडतो. तीही जोडायची, पण पूर्वी ओठ हलायचे, ते हलेनासे झाले. एकदा तिने एकच शर्ट तीनदा इस्त्री केला. एकदा इस्त्रीच्या कडेला बोट लागलं, चांगला फोड आला. मी म्हटलं, "मावशी, अगं भाजलं की!" तिने बोट दुसऱ्याच कोणाचं असावं तसं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "हो का?" मी मनात म्हटलं, देवा, हिला दुखू तरी दे.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी जावई आला होता. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर आहे, दुसऱ्या गावी राहतो. मुलं टेबलाखाली पसारा मांडून बसली होती. तो दारातच उभा राहिला.

"आई, शाळा उघडायच्या आधी तिचं नाव कुठल्या शाळेत घालायचं ते ठरवायला हवं," तो म्हणाला. "मला ती घरी हवीय. मी गावातल्या गावात फिरणारी बस मागून घेतलीय, रोज संध्याकाळी घरी असेन. थोरली बहीणही माझ्याकडेच राहायला आलीय. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी नेणार नाही. तिच्यासाठी तुम्ही काय केलंत ते मला माहीत आहे."

"बघू," मावशी म्हणाली.

"सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी येतो."

"हं."

तेवढ्यात बटण टेबलाखालून आली. हातात एक टरफल होतं, गोल डोळ्यांचं, मिशीवालं. "बाबा, हे तुम्ही. घरी न्या. रोज तीन झाकणं पाणी घालायचं, बाटलीच्या झाकणाने. चार घातली तर कुजतं. आणि उजेडात ठेवायचं."

त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. उलटं करून बघायला लागला तशी ती ओरडली, "मोहरी सांडेल ना!"

तो गेल्यावर मावशी मला म्हणाली, "हा गेल्या वर्षभरात तीन छत्र्या बसमध्ये विसरला. लग्नाच्या दिवशी स्वतःचे बूट विसरून आला होता. हा पोर सांभाळणार?"

"मग काय सांगणार तू?"

"नाही म्हणून सांगणार. अजून काय?" तिच्या आवाजात राग नव्हता की माया नव्हती. संध्याकाळच्या गठ्ठ्यात किती चादरी आहेत ते सांगावं, तशी बोलली.

उरलेली तीन टरफलं बटणने माझ्याकडून आजीच्या खिडकीत ठेवून घेतली. एक आजीचं, बुडाला रेघ. एक स्वतःचं, बुडाला बटणासारखी चार टिंबं. आणि एक आईचं. आईची खूण तिला माहीत होती, रेघ आणि वर दोन टिंबं. आईच्या जुन्या फ्रॉकांवर ती अजून आहे. पुठ्ठ्याच्या कड्यांवर तिघं ओळीने बसली.

"आजी, पाणी तू घाल. माझा हात पोचत नाही."

"घालते."

आणि मावशी खरंच घालायची, ते मी रोज पाहिलं. सकाळी इस्त्री तापेपर्यंत बाटली उचलायची आणि तिघांवर शिंपडायची. एक दिवस चुकला नाही. दुपारी बटण जेवायला आली की विचारायची, "आजी, घातलंस?" "घातलं." बस, एवढंच बोलणं. बाकी दिवसभर मावशीची इस्त्री मागेपुढे, मागेपुढे.

चौथ्या दिवशी बाकीच्या मुलांच्या टरफलांना कोंब फुटले. ती पुढच्या दाराजवळच्या कट्ट्यावर होती. सहाव्या दिवशी चांगली झुपकेदार झाली. मशीनवाल्याचा मुलगा आपल्या बापाच्या टरफलाची कात्रीने हजामत करत बसला आणि मशीनवाला ओरडत होता, "अरे, पुढचे तरी ठेव! खऱ्या डोक्यावर नाहीत, निदान इथे तरी असू दे!"

बटणची तीन टकली होती तशीच.

"आजी, आपलं का येत नाही?"

"येईल."

आठव्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. या वेळी आपलं म्हणाली नाही. "आजी, आईचं का येत नाही?"

मावशीच्या हाताखाली उशीची खोळ होती, ती तिने पूर्ण केली. घडी केली. मग म्हणाली, "कोणाचं लवकर येतं, कोणाचं उशिरा."

बटण जाऊन आपली बटणं मांडत बसली. पण त्या दिवशी तिने चार भोकांची आणि दोन भोकांची एकत्रच करून टाकली.

अकराव्या दिवशी दुपारी तिने रिकामं खोकं ओढलं, त्यावर चढली आणि खिडकीतलं आईचं टरफल उचललं. आत बोट घातलं.

"आजी, हे कडक आहे."

मी हातातली चादर टाकून गेले. कापूस दगडासारखा झाला होता, वर पांढरट पापुद्रा, त्यात मोहरीचे दाणे चिकटून बसलेले. काही दाण्यांवर बुरशी. मी बोटाने खरवडलं आणि मला वास आला. बत्तीस वर्षं नसली तरी चौदा वर्षं मीही याच वासात काढली आहेत.

मावशीच्या टेबलावर दोन बाटल्या असतात, एकसारख्या. एकीत साधं पाणी, दुसरीत खळीचं. खळीच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला असतो, कारण एखाद्याच्या मऊ झबल्यावर चुकून खळ गेली तर पंचाईत. तिचा हात या बाटल्यांत कधी चुकला नव्हता. डोळे बांधले तरी चुकली नसती. मी बघितलं, तिच्या हाताजवळ लाल दोऱ्याची बाटली होती. आणि रोज सकाळी तिथे तीच असायची.

मशीनवाला मागून डोकावला. त्याला कशाचाच अंदाज नव्हता. "वा मावशी! केसांनासुद्धा खळ? उगवले असते तर काय ताठ उभे राहिले असते!"

त्याने आमची तोंडं पाहिली आणि गुपचूप मशीनकडे गेला.

मावशीने तिन्ही टरफलं जवळ ओढली. एकेकात बोट घालून पाहिलं. मग लाल दोऱ्याच्या बाटलीकडे पाहिलं, बराच वेळ. "मीच घातली," ती म्हणाली. "रोज."

"तू रोज खळ घातलीस?" बटणने विचारलं.

"हो."

"मग आईची चूक नाही?"

"नाही गं. आईची कसली चूक?"

बटणने मान हलवली, खोक्यावरून उतरली आणि विचारलं, "मी चिमट्यांचे पक्षी दोरीवर लावू?"

"लाव," मावशी म्हणाली आणि इस्त्री उचलली. इस्त्री गार झाली होती. तिला ते दोन शर्ट झाल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ती मला म्हणाली, "इतके दिवस पोर माझ्या डोळ्यासमोर होती. तिने काय खाल्लं, मला सांगता येणार नाही."

"मावशी, असं होतं माणसाचं. देव बघतो."

"देव बघतो गं. मी बघत नव्हते."

ठरल्याप्रमाणे सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी जावई आला. दुपारची वेळ होती, खाकी कपड्यांतच होता. दोन्ही हातांत कागदी पेला धरलेला, त्यामुळे दार खांद्याने ढकललं. पेल्यात टरफल होतं. मिशी जराशी फिसकटली होती, पण डोक्यावर बोटभर हिरवे केस, सगळे एका बाजूला झुकलेले.

"बाबा, तुमचे केस वाकडे झाले!" बटण ओरडली.

"बसच्या काचेजवळ ठेवायचो ना. उजेड तिकडून यायचा. तू म्हणालीस उजेडात ठेवा." मग तो मावशीकडे वळून, चूक कबूल केल्यासारखा बोलायला लागला. "आई, नवी बस उद्यापासून मिळणार आहे. हे दोन आठवडे लांबच्याच फेऱ्या होत्या. घरी ठेवलं असतं तर राहिलं असतं पाण्यावाचून, म्हणून सोबत नेलं. वळणांवर पडेल म्हणून पुढच्या सीटवरच्या माणसाकडे धरायला द्यायचो. लोक म्हणायचे, ड्रायव्हरसाहेब, बसमध्ये शेती करता काय? एका आजीबाईंनी तर दीड तास मांडीवर घेतलं."

"आणि पाणी?" बटणने दरडावून विचारलं.

"तीन झाकणं. रोज. एकदा चार पडली, तर टिपकागदाने टिपून काढलं." मग जरा थांबून म्हणाला, "छत्री मात्र याही वेळी राहिली बसमध्ये."

मावशीने टरफल हातात घेतलं. केसांवरून बोट फिरवलं. उलटं केलं, बुडाची खूण पाहण्याएवढंच. बटणने तिथे गोल काढला होता आणि गोलाच्या मध्ये एक टिंब.

"हे काय गं?"

"स्टिअरिंग. बाबांची खूण."

मावशीने टरफल टेबलावर ठेवलं. मागच्या खोलीतून बटणच्या कपड्यांची पिशवी आणली. थंडीपासून मावशीच तिचे कपडे इथल्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकत होती, त्यामुळे प्रत्येक फ्रॉकच्या गळ्यात, प्रत्येक मोज्याच्या कडेला मावशीची रेघ होती. तिने खुणेची दौत उघडली, टाक बुडवला आणि पहिल्या फ्रॉकचा गळा उलटा केला.

जावयाला काही कळेना. "आई, काय करताय?"

"तुमच्याकडे जायचे आहेत. खूण नको?"

तो उभा होता तो खाली बसला, खोक्यावर. मग म्हणाला, "आमच्याकडे अशा खुणा नसतात आई."

"आता असतील."

रेघ काही पुसता येत नाही, ती शाईच तशी आहे. म्हणून मावशीने रेघेच्या शेजारी गोल काढला, गोलात टिंब. मी एकेक कपडा पुढे करत गेले, ती खूण करत गेली. अकरा फ्रॉक, सहा परकर, मोज्यांचे नऊ जोड आणि एक जोड नसलेला मोजा.

"आजी, तू पण ये ना," बटण म्हणाली.

"कपडे कोण करील? तू ये पुढच्या सुट्टीत. टरफलं जमवून ठेवते."

"पाणी साधं घाल."

"साधंच घालीन."

बटणला खात्री वाटली नाही. तिने टाक मागून घेतला, जीभ दातांत धरली आणि साध्या पाण्याच्या बाटलीवर तीन गोल काढले. एकही नीट गोल नव्हता. "ही तीन झाकणं," ती म्हणाली. "ही बाटली घ्यायची. ती दोरेवाली नाही."

ते दोघं गेले तेव्हा पेला बटणच्या हातात होता आणि पिशवी त्याच्या खांद्यावर. कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती त्याला पेला कसा धरायचा ते शिकवत होती.

मावशीने इस्त्री पुन्हा तापायला लावली. तिची जुनी टरफलं खिडकीत तशीच होती. तिने तिघांमधला कडक कापूस उचकटून काढला, टरफलं धुतली आणि पालथी घातली. एक तडकलं, तेही घातलं. मग वाळत घातलेला शर्ट ओढला आणि त्यावर पाणी शिंपडायला हात पुढे केला, तो दोन बाटल्यांच्या मध्येच थांबला. तिने वाकून बघितलं. तीन गोल होते ती उचलली.

थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, हे बोट ठणकतंय."

फोड जुना झाला होता, सुट्टी लागायच्या आधीचा. मी औषधाची डबी काढून दिली.