परतीचा आहेर

क्रांती चहा बशीत ओतायची, बशी समोरच्याला द्यायची आणि कपात उरलेला स्वतः प्यायची. फोन उचलला की हॅलो म्हणायची नाही, "बोला" म्हणायची. समोर लहान मूल असलं तर आधी उकिडवी बसायची, मग तोंड उघडायची. दुकानात पुडा हातात आला की पहिल्यांदा मागची बाजू वाचायची, आणि दुकानदार वैतागला तर त्यालाही वाचून दाखवायची. टीव्हीवर जाहिरात लागली की आवाज बंद करायची, पण बघत मात्र राहायची. कुणाच्या लग्नात वाढायला उभी राहिली की पंगत उठेपर्यंत बसायची नाही.

कडेगावच्या अलीकडे एका वाडीवर ती अंगणवाडी सेविका होती. सासर तिथलंच. नवरा कृष्णात ऊस बघायचा आणि बायकोच्या कामात तोंड घालायचा नाही. माहेर कराडच्या बाजूला. आई-वडील गेले होते. धाकटा भाऊ उदयसिंह फौजेत. म्हणजे माहेर म्हणायचं तर भावजय शिवांजली आणि तिचा मुलगा शिवतेज, एवढंच. नागपंचमीला क्रांती तिकडे जायची. शिवांजली झोका बांधून ठेवायची, पुरणाची दिंडं करायची, हातावर मेंदी काढायची. वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करणाऱ्या बाईला तेवढं एक हक्काचं अंगण होतं.

शिवतेजचे व्हिडिओ निघायचे. खोकं फोडायचं, आतली गाडी किंवा बंदूक काढायची, आनंदाने ओरडायचं. कधी खाऊ असायचा. शिवांजली मोबाईलवर शूटिंग करून चॅनेलवर टाकायची. वाडीला त्याचा मोठा अभिमान. आपल्या ताईंचा भाचा म्हणून आया तोच व्हिडिओ लावायच्या आणि पोरांना घास भरवायच्या. क्रांतीनेही कित्येकींना हौसेने लिंक पाठवली होती.

उन्हाळ्यात शिवतेजने दुधात कसलीशी चॉकलेटी पावडर घातली, ग्लास रिकामा केला, दुधाच्या मिशा पुसल्या आणि सॅल्यूट ठोकला. "आता मी पप्पांसारखा फौजी होणार!" हा व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला.

थोड्याच दिवसांत अंगणवाडीत लहानग्या धुळाने ताटावर हात धरला. खिचडी नको. त्याचे आई-बाप मेंढरं घेऊन लांब गेलेले. तो आजीपाशी, अंबूबाईपाशी राहायचा.

"काय झालं रं?" क्रांतीने विचारलं.

"मला फौजीची पावडर पायजे."

अंबूबाई दारातूनच म्हणाली, "ताई, शेळीचं दूध घटाघटा प्यायचा वो. आता म्हणतोय वास मारतंय. पावडर घातल्याबिगर तोंड लावत न्हाई. अंडी विकून पुडा आणला, त्यो बी संपला."

त्या महिन्यात धुळाचं वजन वाढलं नाही. क्रांतीने रिकामा पुडा मागवून घेतला आणि पालथा केला. मागे घटकांच्या यादीत पहिलाच शब्द साखर होता.

तिने शिवांजलीला फोन लावला. "पावडरवाले पैसे देत्यात काय गं?"

"छ्या! रुपया न्हाई. खोकी पाठवत्यात नुसती. भेट हाय ती, वन्सं. जाहिरात कसली?"

शिवांजली खोटं बोलत नव्हती, हे क्रांतीला कळत होतं. पैसे नाहीत, मग जाहिरात कशी? भेट तर भेट. पण मन मानेना.

उत्तर सापडलं ते जावेच्या घरी. लग्न उरकलं होतं आणि आलेल्या साड्यांची वाटणी चालली होती. सासूबाई एकेक साडी उचलत होत्या. ही ठेवा. ही परतीला काढा. ही त्यांच्याच थोरलीला द्या, जरा बऱ्यातली घाला, न्हाईतर नाव ठेवतील. आहेर फुकट नसतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. सांगावं लागत नव्हतं.

पुढच्या पालक सभेत क्रांती म्हणाली, "आज आहेरावर बोलायचंय."

"रोज आहारावरच तर बोलता की," अंबूबाई म्हणाली. "मटकी भिजवा न् पालेभाजी घाला."

"आहार न्हवं, मावशी. आहेर. लग्नातला."

"आता लग्न कुणाचं काढलं?"

बायका हसल्या. क्रांतीने मोबाईल पुढे केला. कुठल्या तरी लांबच्या शहरातली एक पोरगी बाहुलीचं खोकं फोडत होती.

"ही बाहुली हिला कंपनीनं भेट दिली. एक पैसा घेतला न्हाई, दिला न्हाई. मला सांगा, तुमच्या घरी कुणी भारी साडी नेसवली तर तुमी काय करता?"

"परत आहेर करायचा," चौघी एकदम म्हणाल्या.

"न्हाई केला तर?"

"नाक कापलं जाईल की!"

"मग ही पोरगी कंपनीला आहेर परत कसा करती?"

बाहुली मोबाईलवर गाणं म्हणत होती. मग अंबूबाई सावकाश बोलली, "नाव घेऊन. सारखं नाव घ्यायलीया बघा. अन् खोकं छातीशी धरलंय, पर नावाची बाजू आपल्याकडं."

"व्हय. आणि एकदा तरी म्हणाली का, ही न्हाई आवडली म्हणून?"

"आहेराला नाव कोण ठेवतंय, ताई? तोंडावर तर न्हाईच."

आता बायकांना गोडी लागली. क्रांती एकेक व्हिडिओ लावायची. भलत्याच गोष्टीत मध्येच बिस्कीट आलं, की मागून ओरडा यायचा, "आहेर!" हत्तीच्या गाण्यात सायकलीचं नाव आलं, "आहेर!" एका बाईने खाली बोट दाखवलं. तिथे विकत घ्यायची लिंक होती. "ह्यो तर मांडवातच दुकान लावून बसलाय!"

हसणं ओसरलं तेव्हा अंबूबाईने विचारलं. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता.

"ताई, मग आपला शिवतेज बी आहेरच परत करतोय का वो?"

सगळ्या क्रांतीकडे बघायला लागल्या. नाही म्हणणं सोपं होतं. तो घरचा मुलगा, ते वेगळं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. धुळा दारात चपलांशी खेळत होता.

"व्हय," क्रांती म्हणाली. "त्यो बी."

संध्याकाळच्या आत ते कराडकडे पोचलं. कुणीतरी सभेचा आवाजच रेकॉर्ड करून पाठवला होता. शिवांजलीचा फोन आला.

"चार बायकांत माझ्या पोराची इज्जत काढलीत, वन्सं."

"त्याची न्हाई गं. पावडरीची."

"आवं, हे शिमेवर. मी एकटी पोर सांभाळती, सासऱ्यांचं रान बघती. ह्या एका गोष्टीत चार माणसं मला नावानं ओळखत्यात. ते तुमच्या डोळ्यात खुपलं. लोक म्हणत्यात ते खोटं न्हाई. नणंद ती नणंदच."

"शिवांजली, धुळाचं वजन—"

"पंचमीला यायचं का न्हाई, ते आता तुमचं तुमी ठरवा."

फोन बंद झाला. क्रांतीने भावाला लावला. उदयसिंह तिकडून म्हणाला, "अक्का, तुमा दोघींच्या मधी मला घालू नका," आणि तिकडच्या बर्फात थंडी किती आहे ते सांगत राहिला. कृष्णातने रात्री एवढंच विचारलं, "व्हय म्हणायची गरज हुती का?" ती म्हणाली, "विचारलं हुतं की."

सभा चालूच राहिल्या. आता बायका घरी पोरांबरोबर बसून बघायच्या आणि पोरांनाच ओळखायला लावायच्या. आहेर ओळखला की व्हिडिओ बंद, असा नियम निघाला. पोरं ओळखायला टाळाटाळ करायला लागली, मग नियम बदलावा लागला. धुळा मात्र शिवतेजच्या बाबतीत ऐकेना. "त्यो खरा फौजी हाय," म्हणायचा. क्रांती त्याला समजवायची, हरायची, दुसऱ्या दिवशी परत समजवायची.

श्रावण लागला. माहेरचा फोन नव्हता. शेजारणी पिशव्या भरून निघाल्या, आणि क्रांती विचारणाऱ्यांना सांगत होती, "ह्या टायमाला सर्वेचं काम हाय."

पंचमीच्या तोंडावर शिवांजलीचा फोन आला.

"बोला," क्रांती दुसऱ्यांदा म्हणाली.

"नवं खोकं आलंय. बूट हायती. कंपनीनं निरोप पाठवलाय, पोरानं म्हणायचं की आईनं बाजारातनं आणलं. त्यो म्हणंना, वन्सं. कुरिअरवाल्या काकानं आणलं, म्हणतोय. मी परत परत घेतलं. शेवटी ओरडली त्याच्यावर. तर रडत रडत म्हणाला, आईनं आणलं. ते बघितलं मी मोबाईलमधी." मग म्हणाली, "पंचमीला या."

क्रांती गेली. झोका बांधला होता. पण दोघी आधी मोबाईल घेऊन बसल्या. इथून पुढे शिवतेजनेच व्हिडिओच्या सुरुवातीला खरं ते सांगायचं, असं ठरलं. जुने व्हिडिओ काढून, तेच वाक्य जोडून पुन्हा टाकायचे. वाक्य कोणतं, यावर अडलं.

"अमुक कंपनीच्या सौजन्यानं, असं म्हणू," शिवांजली म्हणाली.

"सौजन्य म्हंजे काय, विचार त्याला."

"गणपतीच्या बोर्डावर असतंय ते," शिवतेज म्हणाला. दोघी पोट धरून हसल्या. कितीतरी दिवसांनी.

मग क्रांती उकिडवी बसली आणि त्यालाच विचारलं, "हे तुला कुणी दिलं? तू का दाखवतोस?" तो म्हणाला ते असं होतं: "हे मला कंपनीनं फुकट दिलंय, म्हणून मी दाखवतोय." तेच वाक्य ठरलं. त्याने ते मोठ्या आवाजात म्हटलं, आणि शिवांजली एकेका जुन्या व्हिडिओला जोडत गेली. गाड्यांचा झाला. बंदुकीचा झाला. चिक्कीचा झाला.

पावडरच्या व्हिडिओवर तिचा हात थांबला.

"ह्यो तेवढा राहू दे, वन्सं. लाखावर माणसं हायती ह्याच्यावर. काढला की शून्यापास्नं परत. माझं नाव ह्याच्यावरच झालंय."

"धुळानं त्योच बघितलाय गं."

"मला कळतंय. पर एक राहू दे."

क्रांतीने तिच्याकडे बघितलं. पंचमीचा दिवस होता, अंगणात बायका हाका मारत होत्या. "झोका खेळून येऊ," ती म्हणाली. "मग बोलू ह्याच्यावर."

झोक्यावरच तिला थंडी वाजायला लागली. संध्याकाळी अंगात ताप होता. दुसऱ्या दिवशी कृष्णात येऊन घेऊन गेला. डेंग्यू निघाला. सांगलीला हलवलं, रक्त चढवलं, पेशी वाढल्या नाहीत. पुढचा सोमवार तिने बघितला नाही.

शिवतेज नव्या प्रत्येक व्हिडिओत ते वाक्य म्हणतो. जुन्यांतले बाकी सगळे शिवांजलीने बदलले. पावडरच्या व्हिडिओबद्दल बोलायचं होतं, ते बोलणं राहिलं. तो अजून तसाच आहे.