गच्चीवरचं सोलर आणि आईची घरघंटी

आमच्या सोलरला बॅटरी नाही, त्यामुळे वीज साठत नाही. किस्से मात्र साठतात. घरात मी सगळ्यात कमी बोलते, म्हणून बहुतेक माझ्याकडेच साठतात.

पहिला धक्का कोटेशनचा. सेल्समन म्हणाला, "पाच वर्षांत पैसे वसूल, सार! मग वीस वर्षं फुकट!" बाबांनी खालचा आकडा पाहिला आणि पाणी मागितलं. सबसिडी मिळणार होती, पण पॅनेल बसल्यानंतर. आधी सगळे पैसे आपणच भरायचे!

शेवटी आईची एफडी मोडली. ती तिने घरघंटीसाठी ठेवली होती. बंगळूरमधल्या मराठी घरांना तिला भाजणी दळून विकायची होती. बाबा म्हणाले, "अगं, बिल शून्य येणार! वाचतील ते दर महिन्याला तुझ्या हातात."

"हातात ना?" आईने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस गं?"

मी मान हलवली.

*

उंच स्टँडला खर्च जास्त, म्हणून बाबांनी बुटका घेतला. मग रोज ऑफिसातून मोबाइलवर युनिट बघायची सवय लागली. मार्चमध्ये एके दिवशी कडक ऊन असून युनिट निम्मी! बाबा हादरले. कंपनीला तीन फोन केले आणि स्वतःही घर गाठलं. टेक्निशियन होसकोटेहून ट्रॅफिकमधून दीड तासाने आला, गच्चीवर गेला आणि काहीतरी चावत खाली आला.

"पॅनेल ओके, सार. पापडात उप्पु स्वल्प जास्ती."

गच्ची पॅनेलने अडवली म्हणून आईने वाळवण पॅनेलवरच घातलं होतं! "एवढी तापलेली काच, रिकामी कशाला ठेवायची?"

उप्पु म्हणजे मीठ. बाबांना धक्का पापडांचा बसला, आईला मिठाचा.

*

एकदा भर दुपारी सगळ्या गल्लीची लाइट गेली. बाबा घरून काम करत होते. "आपल्याला काय फरक पडतो!" म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर फॅन थांबत आलेला.

कंपनीने फोनवर सांगितलं, बाहेरची लाइन बंद पडली की सोलरही आपोआप बंद होतं. नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला शॉक बसेल.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही, सार!"

शेजारच्या शारदाअक्कांकडे साधा जुना इन्व्हर्टर आहे. त्यांनी कंपाउंडवरून हाक मारली, "सोलर सार! लॅपटॉप घेऊन इकडे या, आमचा फॅन चालू आहे!"

बाबा गेले.

*

मग बिल आलं. मीटर रीडरने मशीनमधून कागद काढून दिला. चारशे दहा रुपये!

"शून्य येणार होतं ना?" बाबांनी कागद उलटा करूनही पाहिला.

"फिक्स्ड चार्ज, सार. तो राहतोच." बाबांचा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. त्याने दहामधल्या शून्यावर बोट ठेवलं. "झीरो इदे, सार. नोडि!" म्हणजे, शून्य आहे की, बघा!

आईने कॅलेंडरवर त्या तारखेला एक छोटी फुली मारली. अशा फुल्या पुढे चार झाल्या.

*

सुट्टीत आम्ही तीन आठवडे नागपूरला होतो. घर बंद, ऊन चालू. परत आलो तर बिल चक्क वजा! बाबांनी ते शारदाअक्कांना दाखवलं, वॉचमनला दाखवलं, नागपूरला फोटो पाठवला.

आईने हात पुढे केला. "द्या."

"अगं, ते पैसे असे हातात येत नाहीत. पुढच्या बिलात वळते होतात."

"असं होय," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

जेवायला बसलो. माझ्या ताटात गरम पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात. बाबांच्या ताटात घडी घातलेलं बिल.

"अगं, माझं जेवण?"

"पुढच्या जेवणात वळतं केलंय."

मी भाजीकडे बघत राहिले. मान वर करायची हिंमत होईना. बाबांनी मोबाइल काढला आणि बराच वेळ काहीतरी टाइप केलं. ओट्यावरचा आईचा फोन वाजला. तिने चष्मा लावून पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि बाबांच्या ताटात पोळी वाढली.

एकच.