पावडर न लावलेला चेहरा

माझी धाकटी बहीण सावळी. तेव्हा, म्हणजे एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत, मुलगी दाखवायच्या आधी फोटो पाठवावा लागे. आमचं घर भिवंडीजवळच्या शेलार गावात. मी भिवंडीत शिक्षिका होते, निजामपुऱ्यात खोली घेऊन राहत होते. म्हणून तिला बाजारातल्या स्टुडिओत मीच नेलं. फोटोग्राफरने तिच्या तोंडाला पावडर फासली, समोरून दिवे सोडले आणि वर प्रिंटवरही ब्रश फिरवला.

मुलाकडचे आले. मुलाच्या आत्याने पिशवीतून तो फोटो बाहेर काढला, बहिणीकडे पाहिलं आणि विचारलं, "फोटोतली मुलगी कुठाय?" पोहे तसेच ठेवून ती माणसं उठली.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओ गाठला. गिऱ्हाइकांसमोर फोटोग्राफर म्हणाला, "बाई, होतं त्यापेक्षा बरंच करून दिलंय. पुढची तक्रार देवाकडे करा." सगळे हसले. मी बाहेर पडले आणि पगार झाल्यावर डब्यासारखा एक साधा कॅमेरा घेतला. फोटोची मला हौस नव्हती. मला त्या माणसाची मान खाली घालायची होती.

पहिला रोल वाया गेला. जवळून काढलेले चेहरे धूसर, लांबून काढलेले वाटाण्याएवढे. रोल धुवायला मी कल्याणला जाऊन देई. त्या फोटोग्राफरच्या दुकानाची पायरी चढणार नव्हते. मग माझ्याकडे राहायला आलेल्या बहिणीला भर दुपारी खोलीपुढच्या अंगणात बसवलं, तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आले.

शेजारी पॉवरलूमवाल्यांच्या घरातल्या चाची राहायच्या. त्या एकेक फोटो चष्मा लावून बघत आणि तोंडदेखलं काही बोलत नसत. "ये लडकी डरी हुई है," त्या म्हणाल्या. "तू कॅमेरा धरतेस की बंदूक? आधी बोल तिच्याशी. हसली की थांब. हसू उतरायला लागलं की काढ."

मी तसं केलं, सकाळी, पडवीच्या सावलीत. तरी एक गाल काळाच राहिला. ते बघून चाचींनी लूमवरचं कोरं कापड आणून दिलं. पडवीबाहेर उन्हात ते ताणून धरलं की उजेड परतून त्या गालावर पडे. त्यानंतरचा एक फोटो चाची बराच वेळ बघत राहिल्या. "हां," त्या म्हणाल्या. "ही तुझी बहीण."

तो फोटो त्यांनी घरोघर दाखवला. परक्या पुरुषासमोर बुरखा काढायला तयार नसलेल्या बायका माझ्या पडवीत येऊ लागल्या, मग बाजारपेठेतल्या इतर बायकाही. त्या फोटोग्राफरच्या स्टुडिओवरून पुढे जाऊन त्या माझ्याकडे वळतात, हे वर्गात शिकवताना आठवलं तरी मला बरं वाटायचं.

एका रविवारी त्याची बायको आली. मुलीसाठी स्थळं बघत होते, आणि पावडर फासून घ्यायची नाही म्हणून मुलगी बापासमोर बसायला तयार नव्हती. "तुम्ही काढाल का, बाई?"

"काढेन. पण त्यांनी स्वतः घेऊन यायला हवं. कापड धरायला माणूस लागतो."

तो आला. मुलगी माझ्या बहिणीहून सावळी होती आणि देखणी होती. मी त्याच्या हातात कापड दिलं आणि त्याला उन्हात उभं केलं. "वर धरा. अजून वर. हलू नका." फोटो लगेच मिळाला, चांगला मिळाला, मला कळलंही. तरी मी मुलीशी गप्पा मारत राहिले, तिच्या शिवणाच्या, मैत्रिणींच्या. त्याचा सदरा पाठीला चिकटला. ओट्यावरच्या बायका पदराआडून बघत होत्या.

"झालं का, बाई?" शेवटी त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीचा फोटो काढला होतात. आठवते का ती?"

त्याने आठवून पाहिलं. "नाही हो. रोज इतके चेहरे येतात."

तो खरं बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "मग धरा थोडा वेळ," मी म्हटलं. त्याने धरलं.

काही दिवसांनी प्रिंट बघून त्याने निगेटिव्ह मागितली, शोकेसमध्ये मोठा करून लावतो म्हणाला. मी दिली नाही.

बहीण तोवर लग्न होऊन दिघाशी गावी नांदत होती. तिथल्यांनी फोटो मागितलाच नव्हता. शेतावर काम करताना बघून पसंत केली होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं.

"म्हाताऱ्याला उन्हात उभा केलास, ताई? पाप हाय," ती म्हणाली. मग भाकरी थापायची थांबली आणि हळूच विचारलं, "लय घामाघूम झाला का गं?"