दावीदची तीन बोटं

दावीदची बोटं नांगर धरण्यासाठी घडवलेली होती, आणि घडवणाऱ्यानं मालात काटकसर केली नव्हती. १९६१च्या उन्हाळ्यात चिंचपाड्याची परदेशी नर्सबाई मायदेशी निघाली. दोन वर्षं आपल्याला बैलगाडीतून पाड्यापाड्यावर नेणाऱ्या दावीदच्या हातात तिनं आपली युकुलेली ठेवली. हातभर लांबीचं ते चार तारांचं वाद्य त्या पंजात पाहून त्याची बायको सुसाना घाबरलीच. आता हे मोडणार!

बरोबर एक कागद होता. त्यावर तीन सुरांची तीन चित्रं: आडव्या-उभ्या रेघा आणि काळे ठिपके. दावीदनं लगेच ओळखलं, हे शेत आहे. ठिपका म्हणजे रोप. जिथं रोप, तिथं बोट. पहिल्या सुराला एक बोट, ते एका दिवसात जमलं. दुसऱ्याला दोन, त्याला दहा दिवस गेले. तिसऱ्याला तीन बोटं रेघांमधल्या दोनच घरांत बसवायची, म्हणजे एका खाटेवर तीन पाहुणे. एकाला सरकवलं की दुसरा खाली पडे. या आवाजानं गाय आटली, असा सुसानाचा आरोप होता.

रविवारी प्रार्थनाघरात दावीद वाजवू लागला. पहिला सूर झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याशी गाणं उभंच राहिलं. दावीद एकेक बोट डोळ्यांनी बघून जागेवर ठेवी. तोवर सगळी मंडळी तोंड उघडं ठेवून थांबे. एकही माणूस पुढे गेला नाही. भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, एखादीच्या हातातली रोपं संपली, की अख्खी ओळ कंबर सरळ करून उभी राहते. पुढे जाणारा गावच्या शिव्या खातो. तोच नियम इथं लागला. महिन्याभरात किती थांबायचं ते सगळ्यांना पाठ झालं. म्हातारा जेठ्या तेवढ्यात तपकीर ओढून घेई.

ऑक्टोबरात नवापूरचे पाळकसाहेब आले आणि हे ऐकून भडकले.

"गाणं आहे का एसटी, मध्येच थांबायला? नाताळला पुन्हा थांबलात, तर हा बाजा भटू मास्तरांकडे जाईल."

शाळेतले भटू मास्तर शहाद्याकडचे, पेटी वाजवणारे. ते तिथंच हात पुढे करून म्हणाले, "माले दे, दावीद. पंधरा दिनमा वाजाडी दखाडसू."

त्या दिवशी दावीदला भाकर गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे निव्वळ हौसेची अशी एक वस्तू आली होती, आणि तिच्यावर त्याचा जीव जडला होता. सुसानाला ते दिसलं. "शीक एकदाचा," ती म्हणाली. "बैलांचं मी बघते."

मग दावीद बांधावर बसून वाजवू लागला. हातात बाजा नसला तर काठीवर बोटं ठेवून बघे. डिसेंबरात एका सकाळी तिन्ही बोटं आपोआप जागेवर पडली. त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही.

नाताळच्या दिवशी प्रार्थनाघर भरलं होतं. पहिला सूर, दुसरा, आणि तिसरा अगदी वेळेवर! दावीदला आनंदानं काय करू आणि काय नको झालं. पण आवाज फक्त बाजाचाच येत होता. मंडळी नेहमीप्रमाणे तोंड उघडून थांबली होती, आणि जेठ्याची चिमूट नाकापाशी पोचली होती. पाळकसाहेब खुशीत मान डोलवत होते. असंच पुढे वाजवत राहिलं की बाजा त्याचा.

दावीदनं सगळ्यांकडे पाहिलं आणि तारांवरून हात उचलला. जेठ्या शिंकेपर्यंत तो थांबला. मग एकेक बोट सावकाश ठेवलं, आणि सगळे मिळून पुढे निघाले.

"अरे, जमलं होतं तुला!" गाणं संपल्यावर पाळकसाहेब ओरडले. "थांबलास का?"

"ओळ मागं राहिली होती, साहेब," दावीद म्हणाला, आणि त्यानं स्वतःच बाजा मास्तरांपुढे धरला.

पुढचं गाणं मास्तरांनी वाजवलं. एकही चूक न करता त्यांनी ते संपवलं, तेव्हा थांबत थांबत गाणारी मंडळी अजून तिसऱ्याच ओळीत होती. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

मास्तर उठले आणि बाजा दावीदच्या मांडीवर ठेवत म्हणाले, "हाई मन्हं काम नही. तूच वाजाड."

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुसाना सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली: "म्हणजे मी दोन महिने बैल राखले, ते तुला थांबता यावं म्हणून?"