बोनससाठी नोकरी

बँकेची जाहिरात तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचणारी माणसं जगात दोनच: ती लिहिणारा वकील आणि इथे अमेरिकेत, चँडलरमधले आमच्या शेजारचे काका. नवं खातं उघडा, त्यात डायरेक्ट डिपॉझिट, म्हणजे पगार किंवा पेन्शन थेट जमा होणं, सुरू करा, की बँक बोनस देते. काका रिटायर्ड, पण पेन्शनचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते या बँकेतून त्या बँकेत हिंडायचे. बोनस पदरात पडला की खातं बंद, आणि निघताना मॅनेजरच्या हातावर घरचा बेसनलाडू. "ज्याचं मीठ खाल्लं, त्याचं तोंड गोड करावं!"

हा सगळा खटाटोप काकूंच्या गुडघ्यांसाठी होता. भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचं, पण एवढा प्रवास पाय मुडपून करणं काकूंना शक्यच नव्हतं, आणि साठवलेल्या पैशाला हात लावू द्यायच्या नाहीत. काकांनी जाहीर केलं, "तू बिझनेस क्लासनं जाशील. आडवी होऊन. बँकेच्या पैशानं!" काकू म्हणाल्या, "आधी गाडीत पेट्रोल भरा."

शेवटच्या बोनसपाशी घोडं अडलं. त्या बँकेला पेन्शन चालेना. मालकाकडून आलेला पगारच हवा. काकांनी मुलाला पैसे पाठवायला लावले, वर 'पगार' असं लिहायलाही लावलं. बँक बधली नाही. मग ते माझ्या दारात आले. मी टिफिनचा व्यवसाय चालवते. आमच्या अख्ख्या घराण्यातली मी पहिली पदवीधर; बी.कॉम.चं सर्टिफिकेट स्वयंपाकघरात टांगलंय, त्याला फोडणीचा वास येतो, येऊ दे. अटी मी स्वतः वाचल्या आणि सरळ सांगितलं, "काका, खोटा पगार माझ्याकडून निघणार नाही. काम करावं लागेल."

"अगं, आयुष्यभर कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप तपासल्या. आता पोळ्या तपासतो!"

दुसऱ्या दिवशी काका एप्रन बांधून, भिंग घेऊन आमच्या आधी हजर. प्रत्येक पोळी उजेडाला धरत. "ही रिजेक्ट. कड जाड आहे." पोळ्या करणाऱ्या मावशी लाटणं आपटत म्हणाल्या, "अहो, खायची आहे ती, कॉम्प्युटरमध्ये बसवायची नाही!" काका ऐकतायत कसले! रिजेक्ट माल मात्र तिथेच तूप लावून स्वतः संपवायचे. मावशी रागानं पातळ लाटायला लागल्या, तसे काका उपाशी राहायला लागले.

पगार जमला, बोनस आला. तिकिटं काढायला बसले, तेव्हा कळलं की सगळे बोनस मिळून बिझनेस क्लासची एकच सीट होतेय. काकांनी ती काकूंच्या नावावर काढली आणि स्वतःसाठी मागची साधी सीट घेतली.

परत आल्यावर मी विचारलं, "काका, मागे मधल्या सीटवर हाल झाले असतील ना?"

"छे गं. मध्येच उठून पडद्याआडून बघून आलो. पाय लांब करून गाढ झोपली होती. घरी किती दिवसांत अशी झोपली नव्हती. मग मी मागे जाऊन बसलो, आणि माझेही गुडघे दुखायचे थांबले बघ."