चिंचेने घासलेलं इंजिन

आमचे वडील, म्हणजे नाना, छोट्या गाडीवर आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर होते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी, वाटेत आमच्या पहूरला थांबणारी ती अरुंद रुळांची गाडी. नाना रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत कोळशाची इंजिनं बंद होऊन डिझेल आलं. तेव्हापासून त्यांचं बोलणं आटलं. भांडण नाही, आजार नाही. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. माय म्हणायची, "गाडीसंगे यासनी जीभ बी गयी."

मी धुळ्याला एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. आगगाड्यांची मॉडेलं करायचा मला नाद होता आणि स्टाफरूमला ती फुकटची करमणूक होती. "मास्तर, दोंडाईच्याचं तिकीट फाडा," असं रोज कोणीतरी म्हणायचंच. म्हणू देत. मी मनाशी ठरवलं होतं, नानांचं इंजिन करायचं, अगदी हुबेहूब. ते समोर ठेवलं की हा माणूस बोलेल. दुसऱ्या कशाने बोलेल असं मला तरी दिसत नव्हतं.

त्यात वर्ष गेलं. शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा कापून इंजिनाचं अंग केलं. पत्र्याला मागून दाभण ठोकून एकेक रिव्हेट उठवलं. चाकं आणि बॉयलरवरच्या घुमटाची पट्टी लेथवाल्याकडून पितळेत कातून घेतली, चाकांचे दांडे छत्रीच्या काड्यांचे केले. पण घडवणं सोपं, मळवणं अवघड. नवं कोरं इंजिन खेळणं दिसतं. त्याने ऊनपाऊस खाल्लेला दिसला पाहिजे, काम केलेलं दिसलं पाहिजे. म्हणून मी काळ्या रंगावर डिंकात गेरू कालवून गंज चढवला, निरांजनाची काजळी बोटाने चोळली, इस्त्रीवाल्याकडून कोळशाची पूड आणून सांध्यांत भरली. पितळ फार चमकत होतं, तेही काळं केलं. नमुन्याला माझ्याकडे एकच फोटो होता, मीच काढलेला. कोळशाची इंजिनं बंद झाल्यावर शेडबाहेर उभं असलेलं इंजिन. त्यातला प्रत्येक डाग मी उतरवला.

शाळेच्या प्रदर्शनात ते मांडलं, तर पाहुणे म्हणाले, "छान आहे, पण रंग द्यायचा राहिला वाटतं." माझं डोकंच फिरलं. गाढवाला गुळाची चव काय, असं मी सगळ्या स्टाफरूमला ऐकवलं. खरं गाढव कोण, ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

नवरात्रात ते जुन्या धोतरात गुंडाळून, खोक्यात घालून, एस.टी.त मांडीवर धरून पहूरला नेलं. नानांसमोर पाटावर ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, बॉयलरवरून अंगठा फिरवला, काळा झालेला अंगठा पाहिला आणि म्हणाले, "हाई मनी गाडी नई शे."

वर्षात पहिल्यांदा ते आपणहून बोलले होते. मी मूर्ख, मला त्यातलं 'माझी गाडी' ऐकू आलं नाही, फक्त 'नाही' ऐकू आलं. मी फोटो काढून पुढे धरला, हा डाग बघा, हा गंज बघा, म्हणून वाद घालत बसलो. त्यांनी फोटो पालथा करून मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळा, कुऱ्हाड, शिवणयंत्र, सगळं धुऊनपुसून पुजतात. नोकरीत असताना नाना त्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये जायचे आणि इंजिनाचं पितळ चिंच आणि राखेने घासायचे. मग दोन्ही बाजूंना केळीचे खांब, झेंडूच्या माळा. हे मला ठाऊक होतं, लहानपणी ते केळीचे खांब मीच धरले होते. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

आंघोळ करून बाहेर आलो तर नाना अंगणात बसलेले. मांडीवर माझं इंजिन, शेजारी भिजवलेली चिंच, राख आणि काथ्या. गेरू गेला होता, काजळी गेली होती, रंगही ठिकठिकाणी खरवडून निघाला होता आणि बॉयलरवर तेलाच्या डब्याची छापील शेंग दिसत होती. घुमटाची पट्टी मात्र लखलखत होती. आणि नाना बोलत होते. दारात उभ्या असलेल्या मायला सांगत होते, चढावर कोळसा कसा पसरून टाकायचा, सवारी नसली तरी पहूरला शिट्टी लांब का द्यायची. "पितळमा आपलं तोंड दिसाले जोयजे," म्हणत होते. माय पदर तोंडाला लावून ऐकत होती.

आणि मी ओरडलो. "कोणी सांगितलं होतं हात लावायला? वर्षाची मेहनत धुऊन टाकली. तुमच्या हाताला काही कळतं का?"

बापाला असं बोललो. ज्या हातांनी तीस वर्षं कोळसा टाकला, गाडी हाकली, त्या हातांना.

ते वाक्याच्या मध्येच थांबले. इंजिन पाटावर ठेवलं, हात धुतले, पंच्याला पुसले. मायने त्या उघड्या पत्र्याला हळदकुंकू लावलं. मी संध्याकाळी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, म्हणजे झालं.

त्यानंतर नाना दीड वर्ष होते आणि मी घरी असलो की ते बोलायचे, नाही असं नाही. पाण्याचा तांब्या पुढे असला तरी माझ्याकडे बघून विचारायचे, "हात लाऊ का रे?" पेपरला, चहाच्या कपाला, माझ्या लेकीच्या डोक्याला. दरवेळी तेवढंच. मी लावा म्हणायचो, तेव्हाच लावायचे.

शेवटच्या आठवड्यात मी इंजिन त्यांच्या गोधडीवर ठेवलं, घासून, चकचकीत करून. त्यांनी तेच विचारलं.

"लावा ना, नाना. तुमचंच आहे," मी म्हटलं.

त्यांनी हो म्हणून मान हलवली. हात गोधडीवरच राहिला.